घोरणारे घर आणि खिशातला मोबाईल
(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घरात आप्पांचे घोरणे हा कित्येक वर्षे करमणुकीचा विषय होता. पाहुणे मुक्कामाला आले की आई त्यांना आधीच सांगून ठेवायची, "रात्री ट्रॅक्टर सुरू झाला तर घाबरू नका." माझा मामा म्हणायचा, या घरात चोर शिरला तरी आवाज ऐकूनच परत जाईल. आजीला मात्र हे हसणे आवडत नसे. "कष्टाच्या माणसाला गाढ झोप लागते, त्याला काय हसता?" असे ती म्हणे. घोरणे म्हणजे गाढ झोप आणि गाढ झोप म्हणजे ठणठणीत प्रकृती, हा हिशेब आमच्या घरातच नव्हे तर आमच्या सबंध गल्लीत पक्का होता.

गेल्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत मी एका रात्री गंमत म्हणून माझा मोबाईल आप्पांच्या उशाशी ठेवला आणि आवाज टिपून घेतला. मावसभावंडांना ऐकवून हसावे, एवढाच हेतू होता. सकाळी सगळे जमून ऐकू लागलो. पहिली दहा मिनिटे पोट धरून हसलो. मग घोरणे एकाएकी थांबले, ते थांबलेच. पडद्यावर सेकंद पुढे सरकत होते. दहा झाले, पंधरा झाले, वीस झाले. चोविसाव्या सेकंदाला, बुडणारा माणूस पाण्याबाहेर डोके काढून हवा ओढतो तसा आवाज आला आणि घोरणे पुन्हा सुरू झाले. त्यानंतर कोणी हसले नाही. एका तासात असे किती वेळा होते ते मी वहीत रेघा मारून मोजले. एकोणतीस रेघा झाल्या.

आप्पांना मधुमेह आहे, तो सहा वर्षांपासून. त्याची गोळी, त्याचे पथ्य, त्याची तपासणी हे सगळे आम्हांला ठाऊक होते. या एकोणतीस रेघा मात्र कोणालाच ठाऊक नव्हत्या. त्या रेघा आणि ती साखर यांचे एकमेकांशी नाते आहे, हे कळायला आणखी दोन महिने गेले. या दोन महिन्यांत आणि त्यानंतर माझ्या मोबाईलने आम्हांला काय दिले आणि काय दिले नाही, याविषयी माझी काही मते बनली आहेत. ती माझ्या बरोबरीच्या विद्यार्थ्यांपुढे आणि गुरुजनांपुढे मांडावीत म्हणून हा लेख.

प्रथम या दुसऱ्या आजाराविषयी. डॉक्टर याला ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया म्हणतात. ॲप्निया हा मूळ ग्रीक शब्द. त्याचा अर्थ श्वास नसणे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ आणि टाळूचा मागचा मऊ भाग मागे सरकतो आणि श्वासाची वाट अरुंद होते किंवा पार बंद होते. छाती आणि पोट श्वास घेण्यासाठी धडपडत असतात, पण हवा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरतो. मग मेंदू क्षणभर जागा होतो, वाट उघडते, माणूस मोठा श्वास घेतो आणि पुन्हा झोपतो. सकाळी त्याला यातले काही आठवत नाही. दहा सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ श्वास थांबला अथवा फार उथळ झाला, तर तो एक प्रसंग धरतात. तासाला ५ ते १५ प्रसंग म्हणजे सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या पुढे तीव्र आजार, अशी मोजणी आहे.

आपल्या बोलीत या आजाराला नाव नाही, आणि मला वाटते सगळ्या अडचणींचे मूळ तिथेच आहे. मधुमेहाला आहे. खेड्यातली म्हातारीसुद्धा "मला शुगर आहे" असे सांगते आणि चहा बिनसाखरेचा मागते. पण "झोपेत माझा श्वास अडतो" असे कोण सांगणार? ज्याचा अडतो तो झोपलेला असतो आणि ज्यांना ऐकू येते ते हसत असतात. ज्या दुखण्याला नाव नाही ते डॉक्टरांच्या दारापर्यंत पोहोचतच नाही.

आता या दोहोंचे नाते. श्वास अडला की शरीराला तो धोक्याचा इशारा वाटतो. ॲड्रेनालिन, कॉर्टिसोल अशी संकटकाळची द्रव्ये रक्तात उतरतात. त्यांच्यामुळे यकृतातली साखर रक्तात येते आणि इन्सुलिनचा प्रभाव कमी पडतो. रात्रभर तासातासाला वीस-तीस वेळा असे घडू लागले, तर सकाळची उपाशीपोटीची साखर चढलेली सापडावी यात नवल नाही. शिवाय दोन्ही आजारांना वाढलेले वजन आणि पोटाचा घेर पोसतात. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २००८ साली डॉक्टरांना सांगितले की, एक आजार असलेल्या रुग्णात दुसऱ्याचाही विचार करावा. पुढल्याच वर्षी, २००९ साली, अमेरिकेतील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मधुमेह असलेल्या ३०६ स्थूल व्यक्तींची रात्रभर तपासणी केली होती आणि त्यांपैकी ८६ टक्क्यांहून अधिक लोकांना कमी-अधिक प्रमाणात स्लीप ॲप्निया निघाला. ही सर्व माणसे स्थूल होती हे लक्षात ठेवले पाहिजे. प्रत्येक मधुमेह्याला हा आकडा लावता येणार नाही. तरीही विचार करायला तो पुरेसा आहे. कारण भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. यांतल्या कितीजणांना कोणी विचारले असेल, की तुम्ही घोरता का?

आप्पांना कोणी विचारले नव्हते. खरे म्हणजे एकदा विचारले होते. "झोप कशी लागते?" असा प्रश्न डॉक्टरांनी केला, तेव्हा आप्पा अभिमानाने म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पडल्या पडल्या लागते." डॉक्टरांनी मान डोलावली आणि पुढचा रुग्ण आत आला. पडल्या पडल्या झोप लागणे, दुपारी ओट्यावर बसल्या बसल्या डुलक्या येणे, सकाळी डोके जड होणे, ही त्या आजाराचीच लक्षणे होती. पण तक्रार म्हणून ती कोणी सांगितली नाहीत. रात्री चार-चार वेळा लघवीला उठावे लागे, ते आम्ही साखरेच्या खात्यावर मांडले होते. साखर वाढली की लघवी वाढते हे खरेच आहे. परंतु झोपेत श्वास अडल्यानेही रात्रीची लघवी वाढते, हे आम्हांला माहीत नव्हते. सकाळची साखर उतरेना म्हणून दोनदा गोळी वाढवून झाली. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, अशातला थोडाफार प्रकार झाला. मी त्या डॉक्टरांना दोष देत नाही. दवाखान्याबाहेर चाळीस माणसे बसलेली असतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला पाच मिनिटे येतात. पाच मिनिटांत माणसाची रात्र दिसत नाही.

यात आणखी एक गोष्ट होती, जी आम्ही घराबाहेर बोललो नव्हतो. आप्पा टेम्पो चालवतात. पहाटे तीनला भाजी भरून मार्केट यार्डाकडे निघतात. गेल्या मार्चमध्ये टेम्पो रस्ता सोडून साइडपट्टीवर उतरला आणि बाभळीला घासून थांबला. कोणाला लागले नाही. "डोळा लागला नव्हता, नुसता मिटला होता," असे ते म्हणाले. आम्ही ते मान्य केले, कारण मान्य करण्यातच घराची सोय होती. टेम्पोचे हप्ते अजून फिटायचे आहेत.

तो टिपलेला आवाज मी डॉक्टरांना ऐकवला. त्यांनी तो दोन मिनिटे शांतपणे ऐकला आणि जिल्ह्याच्या ठिकाणी तपासणीसाठी चिठ्ठी दिली. बोटाला, छातीला आणि नाकाशी तारा लावून एक रात्र काढली. तासाला ३४ प्रसंग, असा निकाल आला. माझ्या रेघा फार चुकल्या नव्हत्या.

मोबाईलचे पहिले उपकार हे असे. त्यासाठी कुठलेही ॲप लागले नाही, इंटरनेट लागले नाही. फक्त एक साधन जवळ होते, त्याने अंधारातली गोष्ट उजेडात आणली आणि ती नेमक्या माणसाच्या कानावर घालता आली.

या आजारावर सीपॅप नावाचे यंत्र देतात. ऑस्ट्रेलियातील सिडनी येथील डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी ते पुढे आणले आणि १९८१ साली त्याविषयीचा निबंध प्रसिद्ध केला. कल्पना साधी आहे. नाकावर मास्क लावायचा, यंत्र ठरावीक दाबाने हवा सोडत राहते आणि त्या हवेच्या आधाराने घशाची वाट उघडी राहते. आम्ही यंत्र आधी भाड्याने घेतले, मग हप्त्याने. त्याच्याबरोबर ॲप आले. साखर नोंदवण्यासाठी मी आधीच दुसरे एक ॲप घेतले होते. अशा रीतीने आप्पांचे दोन आजार माझ्या मोबाईलच्या दोन कप्प्यांत जाऊन बसले. एका कप्प्याला दुसऱ्याची दादही नव्हती, फिर्यादही नव्हती. दोन्ही इंग्रजीत होते.

आमच्या वर्गात या विषयावर बोलणे निघाले, तेव्हा दोन टोकांची मते ऐकायला मिळाली. एक मैत्रीण म्हणाली, "हे सगळे श्रीमंतांचे चोचले. आपल्या लोकांना वेळेवर गोळी मिळत नाही, तिथे ॲप काय करणार?" एक मित्र नेमके उलट बोलला. "आता सगळे मोबाईलवर आले आहे. हातातले घड्याळ झोप सांगते, साखरही सांगेल. दवाखान्यात जातो कोण?" मला दोन्ही मते अर्धवट वाटतात.

पहिल्या मताला माझे उत्तर चेन्नईचे आहे. तेथील डॉ. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३७ नोकरदार पुरुषांवर प्रयोग केला. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. सर्वांना आहार-व्यायामाचा सल्ला दिला होता. त्यांपैकी २७१ जणांना त्याशिवाय मोबाईलवर नियमितपणे छोटे संदेश पाठवले. दोन वर्षांनी संदेश न मिळालेल्यांत २७ टक्के लोकांना मधुमेह झाला होता, तर संदेश मिळालेल्यांत १८ टक्के. महागडा फोन नाही, ॲप नाही, साधा एसएमएस. आठवण करून देणारे कोणी असेल तर माणूस बदलतो, एवढाच याचा अर्थ. पण तो लहान अर्थ नाही. २०१६ साली केंद्र सरकारनेही मधुमेहासाठी मिस्ड कॉल देऊन संदेश मिळवण्याची सेवा सुरू केली. म्हणजे ही गोष्ट श्रीमंतांचीच असावी असे काही नाही.

दुसऱ्या मताला उत्तर अधिक कडक द्यावे लागेल. बोट न टोचता रक्तातली साखर सांगतो असा दावा करणाऱ्या घड्याळांपासून आणि अंगठ्यांपासून सावध राहा, असे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये लोकांना बजावले. अशा एकाही घड्याळाला वा अंगठीला त्यांनी तोवर मान्यता दिलेली नव्हती. साखरेचा आकडा चुकला आणि त्यावर विश्वासून औषध कमी-जास्त केले, तर जिवाशी खेळ होतो. त्याच वर्षी स्लीप ॲप्नियाची शंका दाखवणाऱ्या काही घड्याळांना त्याच प्रशासनाने परवानगी दिली हेही खरे; पण ती शंका दाखवण्याची परवानगी आहे, निदान करण्याची नाही. रात्री घाम फुटणे, दचकून जागे होणे ही लक्षणे श्वास अडल्याचीही असू शकतात आणि इन्सुलिनमुळे किंवा काही गोळ्यांमुळे साखर एकदम उतरल्याचीही. पहिल्याला मास्क लागतो, दुसऱ्याला ताबडतोब साखर. हा भेद घड्याळावर सोडून चालणार नाही.

आता माझ्या स्वतःच्या अनुभवाकडे येते. यंत्र आले म्हणजे ते वापरले गेले असे होत नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात हृदयविकाराच्या किंवा पक्षाघाताच्या रुग्णांनी सीपॅप सरासरी रात्री ३.३ तासच वापरले, आणि त्या अभ्यासात यंत्राने पुढचे हृदयविकार टळल्याचे दिसले नाही. निदान चार तास तरी मास्क राहावा असे डॉक्टर सांगतात. आप्पांचा पहिला आठवडा दीड तासाच्या पुढे गेला नाही. रोज सकाळी ॲप माझ्या मोबाईलवर लाल खूण आणि इंग्रजीत एक उपदेश पाठवी. त्या ॲपला हे ठाऊक नव्हते की आप्पांची रात्र तीन वाजता संपते. त्याला आमच्याकडे रात्री लाईट जाते हे ठाऊक नव्हते. मास्क मोठा पडत होता आणि हवा डोळ्यांत जात होती हेही ठाऊक नव्हते. साखरेचे ॲप सकाळी सातला "आता चालायला जा" असे सांगे. त्या वेळी आप्पा मार्केट यार्डात पोती उतरवत असत.

हा प्रश्न सुटला तो एका फोनने. तपासणी जिथे झाली तिथल्या सिस्टर दहाव्या दिवशी आपणहून बोलल्या. त्यांनी आप्पांना मराठीत पाच-सहा साधे प्रश्न विचारले. मास्क एक माप लहान घ्यायला सांगितला, घसा कोरडा पडतो म्हणून यंत्राच्या भांड्यात पाणी भरायला सांगितले, आणि झोपायची वेळ नऊवर आणायला सांगितली. शेवटी म्हणाल्या, "दादा, आठ दिवसांनी मी पुन्हा फोन करीन." आप्पा मला म्हणाले, "बाई पुन्हा विचारणार आहेत गं पोरी, लावायला पाहिजे." ॲपच्या सात लाल खुणांनी जे झाले नाही, ते एका माणसाच्या पुन्हा विचारण्याने झाले. मोबाईलच्या दुसऱ्या टोकाला माणूस असेल तर मोबाईल उपयोगाचा, नाहीतर ती नुसती घंटा, हे माझे मत त्या दिवशी पक्के झाले.

आज आप्पा साडेपाच तास मास्क लावतात. दुपारच्या डुलक्या गेल्या, रात्रीचे उठणे चारावरून एकावर आले. तीन महिन्यांची सरासरी साखर ८.९ होती, ती डिसेंबरात ८.३ भरली. हे यंत्राने झाले, की याच काळात चहातली साखर सुटल्याने आणि चार किलो वजन उतरल्याने, हे मी सांगू शकत नाही. सीपॅपने साखर उतरतेच असे संशोधकही एकमुखाने म्हणत नाहीत. पण पहाटे तीनला टेम्पो निघतो तेव्हा आई आता दारात उभी राहून देवाचे नाव घेत नाही, एवढा फरक मला दिसतो.

इथे लेख संपवता आला असता. पण दिवाळीच्या सुट्टीत आणखी एक गोष्ट घडली आणि तिच्यामुळेच मी लिहायला बसले.

मास्क लावल्यावर घोरणे थांबते का हे पाहावे म्हणून मी पुन्हा एकदा मोबाईल त्यांच्या खोलीत ठेवला होता. सकाळी ऐकले. आप्पांची खोली शांत होती. यंत्राचा बारीक आवाज तेवढा येत होता. तीनला ते उठले, आईने चहा दिला, टेम्पो सुरू झाला, आई परत येऊन आडवी झाली. आवाज टिपणे बंद करायचे कोणाच्या ध्यानात आले नाही. तीन वाजून चाळीस मिनिटांनी त्या रिकाम्या झालेल्या खोलीतून घोरणे ऐकू येऊ लागले आणि अधूनमधून ते थांबूही लागले.

मी मेमधले जुने आवाज पुन्हा काढून ऐकले. त्यांतही दुसरे, हळू घोरणे होते. तो आईचा आवाज होता. मी रेघा मारत होते तेव्हा तो मी अडथळा म्हणून सोडून दिला होता.

आईला दोन वर्षांपूर्वी "शुगर बॉर्डरवर आहे" असे सांगितले होते. त्यानंतर ती तपासायला गेली नाही. सगळा दिवस थकवा असतो, ते बायकांचे कामच तसे म्हणून कोणी मनावर घेतले नाही. मी विचारले तेव्हा ती ओशाळून म्हणाली, "बाईमाणसाने घोरते म्हणून काय सांगायचे?" आप्पांचे घोरणे सगळ्या गल्लीला ठाऊक होते. आईचे तिच्या शेजारी झोपणाऱ्यालाही ठाऊक नव्हते, कारण त्याच्या घोरण्यात ते बुडून गेले होते. पाळी गेल्यावर बायकांत हा आजार वाढतो. त्यांच्यात पुष्कळदा मोठे घोरणे नसते. थकवा, डोकेदुखी, तुटक झोप एवढेच असते. आणि आईजवळ स्वतःचा मोबाईल नाही. आमच्याकडे दोन मोबाईल आहेत, एक आप्पांचा साधा आणि एक माझा. मोबाईलवरून आरोग्यसेवा असे आपण म्हणतो, तेव्हा कोणाच्या मोबाईलवरून, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

म्हणून माझ्या काही मागण्या आहेत. त्या कोणा एकापाशी नाहीत. जे जे अशी साधने बनवतात, विकतात आणि सरकारी योजनेत आणतात त्या सर्वांपाशी आहेत. पहिली, ही साधने मराठीत बोलली पाहिजेत. नुसती लिहून नव्हे, बोलून. दुसरी, साखर आणि झोप एकाच पानावर दिसली पाहिजे. शरीर एकच आहे, त्याचे दोन कप्पे कंपन्यांनी केले आहेत. तिसरी, प्रत्येक लाल खुणेच्या मागे फोन उचलून विचारणारी एक व्यक्ती असली पाहिजे. आपल्याकडे आशाताई आहेत, परिचारिका आहेत. २०१९ साली सुरू झालेली ई-संजीवनी ही सरकारी दूरवैद्यक सेवाही आहे. त्यांना या कामाचा वेगळा वेळ आणि वेगळा मोबदला मिळावा. आधीच्या ओझ्यावर आणखी एक पोते नको. चौथी, या नोंदी रुग्णाच्या मालकीच्या असाव्यात. २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे. पण "झोपेचा आजार आहे" हे कळले तर कोणी भाडे देणार नाही, ही भीती प्रत्येक चालकाच्या मनात असते. तपासून उपचार घेणारा चालक हा लपवून गाडी चालवणाऱ्यापेक्षा कितीतरी सुरक्षित आहे. ती भीती गेल्याशिवाय कोणताही चालक उशाशी मोबाईल ठेवू देणार नाही.

मित्रहो, एक मागणी आपल्यापाशीही आहे. आपल्यापैकी कितीतरी जण घरातले पहिले कॉलेजात आलेले आहेत. बँकेचा अर्ज आपण भरतो, लाईट बिलावरची चूक आपण वाचतो, औषधाच्या पाकिटावरची तारीख आपणच पाहतो. घरी दुसरे ॲप नसले तरी आपण आहोत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण सात दिवस गावात राहतो. झाडे लावतो, रस्ते झाडतो. त्यात एक संध्याकाळ या कामासाठी द्यावी. कॅनडात २००८ साली तयार झालेली आठ प्रश्नांची एक साधी चाचणी आहे: मोठ्याने घोरता का, दिवसा थकवा वा झोप येते का, झोपेत श्वास थांबलेला कोणी पाहिला आहे का, रक्तदाब आहे का, वजन उंचीच्या मानाने फार आहे का, वय पन्नासच्या वर आहे का, गळ्याचा घेर ४० सेंटिमीटरहून अधिक आहे का, आणि आपण पुरुष आहात का. तीन किंवा अधिक उत्तरे "हो" आली, तर डॉक्टरांना दाखवावे. यासाठी शिंप्याची टेप आणि एक वही पुरते. आठवा प्रश्न पुरुषांना एक गुण देतो. म्हणून बायकांना विचारताना जरा जास्त वेळ बसावे लागेल आणि त्यांच्या थकव्याकडे थकवा म्हणूनच पाहावे लागेल.

सुट्टी संपल्यावर मी वसतिगृहावर परत आले आणि मोबाईलही माझ्याबरोबर आला. आमच्या यंत्राचे ॲप फोन जवळ असला तरच नोंद घेते. आप्पा सात रात्री मास्क लावून झोपले आणि ॲपने मला सात शून्ये दाखवली. तेव्हा आईने वही घातली. ती चौथीपर्यंत शिकली आहे. यंत्राच्या छोट्या पडद्यावर रात्रीचे तास उमटतात, ते ती सकाळी उतरवते. शेजारी साखरेचा आकडा लिहिते. रात्री आठला आप्पांच्या साध्या मोबाईलवरून ती मला फोन करते आणि दोन्ही आकडे वाचून दाखवते. ॲपमध्ये साखर आणि झोप एका पानावर येत नव्हती, ती या वहीत आली.

गेल्या खेपेला घरी गेले तेव्हा मी त्या पानावर पट्टीने तिसरा रकाना आखून आले आहे. वर आईचे नाव घातले आहे. तिची तपासणी पुढच्या महिन्यात आहे, त्यामुळे तो रकाना अजून कोरा आहे.